दोन लांबच्या शहरांमधलं हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ: आकडे जुळत का नाहीत?

प्रश्न: टोकियो ते लॉस एंजेलिस हे अंतर एका ठिकाणी ८,८१० दिसतं, दुसरीकडे ५,४७४ आणि तिसरीकडे ४,७५७. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला तर पावणेदहा तास येतात. तिकिटावर मात्र जाताना दहा तास आणि येताना जवळजवळ बारा. नकाशावर दोन्ही शहरं समोरासमोर असताना विमान वर उत्तरेला कशाला जातं? आणि संध्याकाळी पाचला निघून त्याच दिवशी सकाळी दहाला कसं पोहोचतं? अशा दोन लांबच्या शहरांमधला खरा वेळ आपला आपण कसा काढायचा?

उत्तर:

यातला एकही आकडा चुकीचा नाही. गोंधळ होतो तो ८,८१० ला ९०० ने भागल्यामुळे, कारण विमान जमिनीला धरून चालत नाही. ते हवेत चालतं, आणि ती हवा स्वतःच कुठे तरी निघालेली असते. एवढी एक गोष्ट नीट लक्षात घेतली की बाकीचं कोडं आपोआप सुटतं.

मी फ्लाइट डिस्पॅचर आहे. लांब पल्ल्याचं विमान निघायच्या काही तास आधी त्याचा मार्ग, उंची, इंधन आणि वेळ ठरवून कॅप्टनपुढे ठेवायचा, हे माझं काम. 'किती लांब आणि किती वेळ' हा प्रश्न मी रोज सोडवतो, आणि त्यातला अंतराचा भाग सगळ्यात सोपा असतो. म्हणून तो आधी उरकून घेऊ.

तुम्ही दिलेले तिन्ही आकडे एकाच अंतराचे आहेत. ८,८१० किलोमीटर, ५,४७४ साधे मैल आणि ४,७५७ सागरी मैल. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. विमानांचं सगळं काम सागरी मैलांत चालतं, कारण अक्षांशाची एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक सागरी मैल, आणि तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. तेव्हा कुठेही अंतर पाहिलंत की आकड्याच्या आधी एकक बघा.

एकक तेच असूनही पाच-पन्नास किलोमीटरचा फरक दिसला तर त्याची कारणं साधी असतात. कोणी शहराच्या मध्यापासून मोजतं, कोणी विमानतळापासून. टोकियोला हानेदा आणि नारिता असे दोन विमानतळ आहेत आणि नारिता शहराच्या मध्यापासून सुमारे ६० किलोमीटर दूर आहे. शिवाय पृथ्वी अगदी गोल नाही. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवापाशी ६,३५७. पृथ्वीला पूर्ण गोल धरून काढलेल्या अंतरात यामुळे फार तर अर्ध्या टक्क्याची चूक येते. ८,८१० वर ती चाळीसेक किलोमीटरची, म्हणजे विमानाच्या हिशेबात तीन मिनिटांची. त्यावर डोकं शिणवू नका.

आता उत्तरेला जाण्याचं. टोकियो साडेपस्तीस अंश उत्तरेला, लॉस एंजेलिस चौतीस अंशांवर. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली तर सरळ पूर्वेकडे रेघ जाते. त्या रेघेवरून, म्हणजे अक्षांश धरून, गेलात तर अंतर जवळजवळ ९,३०० किलोमीटर भरतं. पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा आपोआप वर सरकतो आणि मध्यावर तो ४८ अंशांच्या जवळ गेलेला दिसतो, लॉस एंजेलिसच्या चौदा अंश उत्तरेला. हाच सगळ्यात जवळचा मार्ग. त्याला ग्रेट सर्कल म्हणतात, आणि तो अक्षांशाच्या रेघेपेक्षा सुमारे ४९० किलोमीटरने कमी आहे. सपाट नकाशात तो बाकदार दिसतो, कारण नेहमीच्या मर्केटर नकाशात उत्तरेकडचा भाग ताणलेला असतो. साठ अंशांवर तर तो दुप्पट रुंद दाखवला जातो. बाक नकाशात आहे, विमान सरळच जातंय.

ज्याला स्वतः हिशेब करायचा असेल त्याला साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर तो जमतो. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांमधल्या फरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार करा. दोन्ही उत्तरांची बेरीज घेऊन तिचा व्यस्त कोसाइन अंशांत काढा आणि १११.२ ने गुणा. दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश उणे धरायचे. टोकियो-लॉस एंजेलिससाठी हा कोन ७९ अंशांच्या थोडा वर येतो, आणि त्यावरून ८,८१०. ताळा म्हणून एक लक्षात ठेवा: पृथ्वीवरची कुठलीही दोन ठिकाणं २०,००० किलोमीटरपेक्षा फारशी लांब असूच शकत नाहीत. आज प्रवासी घेऊन न थांबता होणाऱ्या नियमित उड्डाणांत सिंगापूर-न्यूयॉर्क हे सगळ्यात लांबचं म्हणून ओळखलं जातं. ते सुमारे १५,३५० किलोमीटरचं आहे आणि त्यासाठी एअरबस ए३५०-९०० चं जास्त इंधन नेणारं खास मॉडेल वापरतात.

पण ग्रेट सर्कल ही भूमिती झाली. प्रत्यक्ष मार्ग तिच्यावरून तंतोतंत कधीच जात नाही. निघताना धावपट्टी ज्या दिशेची असेल त्या दिशेला उडायचं, मग वळायचं, उतरताना तसंच. मध्ये लष्करी हद्दी असतात, वादळं असतात, एका देशाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत शिरण्याचे ठरलेले बिंदू असतात. तिबेटच्या पठारावरून विमानं शक्यतो नेत नाहीत. केबिनमधला हवेचा दाब गेला तर दहा हजार फुटांच्या, म्हणजे सुमारे तीन हजार मीटरच्या आसपास उतरावं लागतं, आणि तिथे जमीनच सरासरी साडेचार हजार मीटरवर, म्हणजे त्याहून उंच आहे. दोन इंजिनांच्या विमानाला महासागरावरून जाताना आणखी एक बंधन असतं. एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक मिनिटांत पोहोचता येईल असा विमानतळ वाटेत सतत हवा. १९८५ मध्ये ही मर्यादा पहिल्यांदा १२० मिनिटांपर्यंत वाढवली गेली. आज बोइंग ७८७ ला ती ३३० मिनिटांपर्यंत मिळू शकते, म्हणून आता उत्तर पॅसिफिकमध्ये ती फारशी आड येत नाही. दक्षिण गोलार्धात, सिडनी-सँटियागोसारख्या अंटार्क्टिकाच्या बाजूने जाणाऱ्या मार्गावर मात्र ती अजूनही बघावी लागते.

आणि राजकारण. हेलसिंकी ते टोकियो ग्रेट सर्कल सुमारे ७,८३० किलोमीटर आहे आणि ते जवळजवळ सगळं रशियावरून जातं. फिनलंडच्या फिनएअर कंपनीने १९८३ मध्ये या दोन शहरांमध्ये थेट उड्डाण सुरू केलं तेव्हा सोव्हिएत हद्द टाळायची होती, म्हणून डीसी-१० विमान उत्तर ध्रुवाकडून आणि बेरिंग सामुद्रधुनीवरून जायचं. वेळ साधारण तेरा तास. पुढे सायबेरियावरून जायची परवानगी मिळाली आणि तोच प्रवास साडेनऊ तासांवर आला. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाची हद्द युरोपीय कंपन्यांना बंद झाली आणि विमानं पुन्हा ध्रुवाकडून किंवा दक्षिणेकडून वळसा घेऊन जाऊ लागली. वेळ पुन्हा तेरा तासांच्या घरात. शहरं जागची हलली नाहीत, ग्रेट सर्कल एक किलोमीटरनेही बदललं नाही, आणि प्रवास साडेतीन तासांनी वाढला. नुसतं अंतर बघून वेळ सांगू नये असं मी म्हणतो ते यासाठी.

आता वाऱ्याकडे येतो. सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो, म्हणून इथे जरा थांबू.

मध्य अक्षांशांवर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान हवेचा पट्टा असतो, जेट स्ट्रीम. उत्तरेकडची थंड हवा आणि दक्षिणेकडची उबदार हवा यांच्या तापमानातल्या फरकामुळे तो तयार होतो. हिवाळ्यात हा फरक वाढतो, म्हणून हिवाळ्यात जेटही जोरात असतो. ताशी दोनशे किलोमीटर ही त्याच्या गाभ्यात साधी गोष्ट आहे, जपानच्या पूर्वेला हिवाळ्यात तो तीनशेच्याही वर जातो. आणि लांब पल्ल्याची विमानं नेमकी त्याच उंचीवर उडतात.

मोठ्या विमानाचा वेग आपण ताशी ९०० म्हणतो तो हवेच्या तुलनेत. समजा ते मॅक ०.८५ ने उडतंय, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ८५ टक्के. त्या उंचीवर तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असतं आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर. त्याचे ८५ टक्के म्हणजे ९००. जमिनीवरचा वेग किती, ते वारा ठरवतो. वाहत्या नदीतल्या होडीसारखं हे आहे: वल्हवणारा तितकाच जोर लावतो, पण काठावरून बघणाऱ्याला ती कधी भरधाव दिसते, कधी रखडताना.

तुमचंच उदाहरण घेऊ. ८,८१० किलोमीटर, आणि पूर्ण वाटेवर सरासरी १२० किलोमीटरचा वारा. टोकियोहून जाताना वारा पाठीशी, वेग १,०२०, वेळ आठ तास अडतीस मिनिटं. परत येताना वारा तोंडावर, वेग ७८०, वेळ अकरा तास अठरा मिनिटं. वाराच नसता तर दोन्हीकडे नऊ तास सत्तेचाळीस मिनिटं. एक गोष्ट बघा, जाताना तास-सव्वा तास वाचला, येताना दीड तास गेला. जाणं-येणं मिळून वीसेक मिनिटांचा तोटाच झाला. वारा एकीकडे देतो तेवढंच दुसरीकडे घेतो असं पुष्कळांना वाटतं, पण तसं होत नाही. वारा तोंडावर असताना तुम्ही त्याच्यात जास्त वेळ असता, म्हणून तो घेतो जास्त.

म्हणून आम्ही दोन अंतरं लिहितो, जमिनीवरचं आणि हवेतलं. हवेतलं अंतर म्हणजे त्या प्रवासात विमान हवेतून प्रत्यक्ष किती कापणार ते. वरच्या उदाहरणात जमिनीवर ८,८१० दोन्हीकडे सारखंच, पण हवेत जाताना सुमारे ७,८०० आणि येताना १०,२०० च्या आसपास. इंधन या दुसऱ्या आकड्यावर जळतं, वेळही त्याच्यावरच जातो. विमानाच्या दृष्टीने टोकियोहून लॉस एंजेलिस जवळ आहे आणि लॉस एंजेलिसहून टोकियो लांब.

हे डोळ्यांसमोर येण्यासाठी जानेवारीतला, लॉस एंजेलिसहून टोकियोला जाणारा एक प्लॅन कसा बनतो ते सांगतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. स्क्रीनवर आधी वाऱ्याचा नकाशा येतो. जपानपासून पॅसिफिकच्या मध्यापर्यंत जेटचा जाड पट्टा, आणि ग्रेट सर्कल बराच वेळ त्याच्या जवळून किंवा त्याच्यातूनच जातं. प्रणाली पहिला मार्ग दाखवते: अंतर ८,८१०, सरासरी वारा उणे १३०, म्हणजे ताशी १३० किलोमीटर तोंडावर. जमिनीवरचा वेग ७७०, वेळ अकरा तास सव्वीस मिनिटं. मग मी मार्ग उत्तरेला ढकलतो, किनाऱ्याकिनाऱ्याने अलास्काच्या दिशेने, अल्यूशन बेटांच्या वरून, बेरिंग समुद्राच्या कडेने. अंतर ९,२५० होतं. वारा मात्र उणे ४० वर येतो. वेग ८६०, वेळ दहा तास पंचेचाळीस मिनिटं. ४४० किलोमीटर जास्त जाऊन चाळीस मिनिटं आधी. खाली इंधनाची ओळ असते, तीही पहिल्या मार्गापेक्षा कमी दिसते, म्हणजे दुसरा मार्ग दोन्ही बाजूंनी फायद्याचा.

मग उंची. निघताना टाक्या भरलेल्या असतात, विमान जड असतं, म्हणून सुरुवातीला तीस-बत्तीस हजार फुटांवरच राहावं लागतं. इंधन जळेल तसतसं ते दोन-दोन हजार फुटांनी वर चढवता येतं आणि शेवटी ते अडतीस-चाळीस हजारांवर पोहोचतं. प्रत्येक उंचीवर वारा वेगळा. वर गेल्याने इंजिन कमी इंधन खाईल, पण तिथे तोंडावरचा वारा जास्त असेल तर मी विमान खालीच ठेवतो. हे सगळं दर काही अंशांवर बघावं लागतं. केबिनमधल्या पडद्यावर विमान अलास्काकडे वळलेलं पाहून एखादा प्रवासी विचारतो की वाट चुकलो का. त्याला सांगावंसं वाटतं की त्या वळणावर कोणी तरी तासभर विचार केलेला आहे.

पॅसिफिकवर जपान आणि उत्तर अमेरिकेच्या मधले मार्ग रोजच्या वाऱ्यानुसार रोज नव्याने आखले जातात. उत्तर अटलांटिकवरही तसंच. आज ज्या वाटेने विमान गेलं ती उद्या असेलच असं नाही. म्हणून 'या फ्लाइटचं प्रत्यक्ष अंतर किती' याला एकच उत्तर नसतं.

ही गोष्ट टोकाला गेली की काय होतं त्याचं माझं आवडतं उदाहरण एअर इंडियाचं आहे. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून, म्हणजे पश्चिमेकडे जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट्या दिशेने, पॅसिफिकवरून नेलं. अंतर हजाराहून जास्त किलोमीटरने वाढलं आणि १५,३०० च्या आसपास गेलं. तरी पाठीशी वारा मिळाल्याने प्रवास साडेचौदा तासांत झाला, आधीपेक्षा कमी वेळात. दुसरं टोक न्यूयॉर्क-लंडनचं. हे अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर, एरवी पूर्वेकडे साडेसहा-सात तास. फेब्रुवारी २०२० मध्ये कियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ चार तास छप्पन्न मिनिटांत पोहोचलं. जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. यात ध्वनीचा वेग ओलांडला असं लोक म्हणतात, ते बरोबर नाही. ध्वनीच्या वेगाशी तुलना हवेतल्या वेगाची करायची, आणि तो नेहमीसारखाच होता. बाकीचं सगळं वाऱ्याचं देणं.

इथेच एक समज दूर करतो, कारण हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग विमान वर गेलं की खालची जमीन सरकते आणि पश्चिमेकडे जाणं सोपं होतं का? नाही. हवा पृथ्वीबरोबरच फिरते, धावपट्टीवर उभं असलेलं विमानही तोच वेग घेऊन वर जातं. तसं नसतं तर पश्चिमेकडचा प्रवास कमी वेळाचा झाला असता, आणि प्रत्यक्षात तो जास्त वेळाचा आहे. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतो तो एवढाच की उत्तर-दक्षिण वाहू पाहणारी हवा वळते आणि जेटला पूर्वेकडची दिशा मिळते.

उत्तर-दक्षिण मार्गांवर हा भेद जवळजवळ नसतोच. टोकियो-सिडनी ७,८०० किलोमीटरच्या आसपास आहे आणि दोन्हीकडे साधारण साडेनऊ तास लागतात. आडव्या वाऱ्याला तोंड द्यायला विमान नाक थोडं वळवून उडतं. ९०० च्या वेगाला १५० चा आडवा वारा लागला तरी वेग ८८७ राहतो.

आता तिकिटावरचा वेळ. तो हवेतला वेळ नसतो. विमान गेटवरून हललं तेव्हापासून पलीकडच्या गेटवर थांबेपर्यंतचा तो काळ, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. मोठ्या विमानतळावर धावपट्टीपर्यंत जायलाच पंधरा-वीस मिनिटं जातात, उतरल्यावरही तेवढीच. उतरायच्या आधी रांगेत घिरट्या घालाव्या लागल्या तर ते वेगळं. कंपन्या हा वेळ मोसमागणिक ठरवतात. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, आणि आधीच्या वर्षांत प्रत्यक्ष किती वेळ लागला ते बघून बरीचशी विमानं वेळेत पोहोचतील एवढी जागा त्यात सोडलेली असते. म्हणून अर्धा तास उशिरा निघालेलं विमानही पुष्कळदा वेळेवर पोहोचतं. वैमानिकाने वेग वाढवला म्हणून हे होतं असं समजू नका. मॅक ०.८४ ऐवजी ०.८६ ने उडून दहा तासांत जेमतेम बारा-तेरा मिनिटं वाचतात आणि इंधन बरंच जास्त जातं. उशीर भरून निघतो तो वेळापत्रकातल्या त्या मोकळ्या जागेतून, किंवा वाऱ्यातून.

घड्याळाचं कोडं सोडवायला आम्ही वापरतो तीच युक्ती वापरा. सगळ्या वेळा आधी यूटीसीमध्ये, म्हणजे सगळ्या जगासाठी धरलेल्या एकाच प्रमाण वेळेत आणा. तिकिटावर निघायची वेळ निघण्याच्या शहराची असते आणि पोहोचायची वेळ पोहोचण्याच्या शहराची. टोकियो यूटीसीच्या नऊ तास पुढे, लॉस एंजेलिस हिवाळ्यात आठ तास मागे. टोकियोत संध्याकाळचे पाच म्हणजे यूटीसी सकाळचे आठ. लॉस एंजेलिसमध्ये त्याच तारखेला सकाळचे दहा म्हणजे यूटीसी संध्याकाळचे सहा. फरक दहा तास. परतीला लॉस एंजेलिसहून दुपारी बाराला निघालात तर यूटीसी रात्रीचे आठ. बारा तासांनी यूटीसी सकाळचे आठ, टोकियोत संध्याकाळचे पाच, आणि तारीख पुढची. तिकिटावर वेळेशेजारी अधिक एक छापलेलं असतं ते या पुढच्या तारखेसाठी. ते न पाहिल्यामुळे हॉटेलचं बुकिंग एक दिवस आधीचं झालेलं मी पुष्कळदा पाहिलंय.

उन्हाळी वेळेचीही आठवण ठेवा. जपान घड्याळं बदलत नाही, अमेरिका बदलते. म्हणून टोकियो-लॉस एंजेलिस फरक हिवाळ्यात सतरा तास, उन्हाळ्यात सोळा. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलते, युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत न्यूयॉर्क आणि लंडनमधला फरक नेहमीच्या पाचऐवजी चार तासांचा होतो.

तर मग स्वतः अंदाज कसा काढायचा? मी कागदावर असा काढतो. ग्रेट सर्कल अंतर घ्यायचं आणि त्यात दोन ते पाच टक्के वाढवायचे. समुद्रावरून जाणार असेल तर दोन, गजबजलेल्या हद्दींतून जाणार असेल तर पाच. बंद हद्दीचा वळसा असेल तर हा नियम चालत नाही, तिथे प्रत्यक्ष मार्गच बघावा लागतो. लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानाला ताशी ९०० वेग धरायचा, केबिनमध्ये चालायला एकच वाट असलेल्या लहान जेटला ८३०. मग वारा. मार्ग तीस ते साठ अक्षांशांमधून पूर्व-पश्चिम जात असेल तर उन्हाळ्यात साठेक किलोमीटर, हिवाळ्यात शंभर-एकशेवीस; पूर्वेकडे जाताना ते वेगात मिळवायचे, पश्चिमेकडे येताना वजा करायचे. पश्चिमेकडे जाताना आम्ही जेट टाळतो, त्यामुळे तिथे थोडं कमी वजा केलं तरी चालतं. विषुववृत्ताजवळ किंवा उत्तर-दक्षिण जाताना वारा सोडून द्या. आलेल्या वेळात चढणं, उतरणं आणि जमिनीवरचं चालणं यासाठी पस्तीस-चाळीस मिनिटं मिळवा.

तुमच्या मार्गावर करून बघा. ८,८१० मध्ये दोन टक्के मिळवून ८,९९०. पूर्वेकडे १,००० ने भागून नऊ तास, त्यात चाळीस मिनिटं, म्हणजे नऊ-चाळीस. पश्चिमेकडे ऐंशी वजा करून ८२० ने भागलं तर दहा तास अठ्ठावन्न मिनिटं, अधिक चाळीस, म्हणजे अकरा-अडतीस. तिकिटावरच्या दहा आणि बाराशी हे जुळतं, उरलेली वीस मिनिटं वेळापत्रकातली मोकळी जागा.

शहरांमध्ये थेट विमान नसेल तर हिशेब प्रत्येक टप्प्याचा वेगळा करा. चढण्या-उतरण्याची ती चाळीस मिनिटं प्रत्येक टप्प्याला लागतात आणि मधलं शहर ग्रेट सर्कलपासून जितकं दूर तितकं अंतर वाढतं. मध्ये थांबायचा वेळ किती हवा याचा किमान आकडा प्रत्येक विमानतळाचा ठरलेला असतो आणि एका तिकिटावर बुकिंग केलंत तर प्रणाली त्याहून कमी देत नाही. पण किमान म्हणजे किमानच. हिवाळ्यात पश्चिमेकडे जाणारा लांबचा टप्पा पहिला असेल तर वारा जोरात असलेल्या दिवशी त्याला अर्धा-पाऊण तास जास्त लागू शकतो, आणि ते आदल्या रात्रीपर्यंत आम्हालाही पक्कं माहीत नसतं. अशा वेळी मी पुढच्या विमानासाठी तीन तासांपेक्षा कमी जागा ठेवत नाही, आणि दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घेतो, म्हणजे पहिलं विमान उशिरा पोहोचून दुसरं चुकलं तर पुढच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी कंपनीवर राहते.